पायरीजवळचे घमेले

धंतोली, नागपूर
१८ नोव्हेंबर १९३८

चि. सौ. लतिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. इकडे सर्व क्षेम आहे. थंडी पडू लागली आहे, संत्री अजून आंबट आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसे आजारी पडतात म्हणे. मला तेवढी सवड मिळालेली नाही.

खंड्याला आता आमच्याकडे खाप्याला पाठवून द्या, असे तू लिहितेस. कुत्रा तुझा आहे, त्यावर वाद नाही. लग्नानंतर बिऱ्हाड लागेपर्यंत ठेवा म्हणालीस, म्हणून ठेवला. पण सध्या तो प्रवासाच्या स्थितीत नाही. पावसाळ्यापासून अंगाला खाज आहे. पोटावरचे केस गेले आहेत आणि चारही पंजे बोटांमधे लाल होऊन चिरले आहेत. सारखा चाटत बसतो.

मी हयगय केलेली नाही. लकडगंजातून करंजाचे तेल आणवले, त्यात गंधक खलून रोज लावते. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, वर कार्बोलिक साबण. रंभाबाई म्हणते, "बाई, आंघोळी घालून घालून त्याले माणूस कराल काय?" तिला म्हटले, तू भांडी नीट घास, माणसे घडवायचे काम मी जन्मभर केले आहे.

गुरांच्या दवाखान्यातले मार्तंडराव येऊन पाहून गेले. खाणे बदला म्हणाले, ते बदलले. मग विचारले, "पाय कशाने धुता?" मी म्हटले, "स्वच्छ पाण्याने. हे घर कसे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे." त्यांनी पिशवी उचलली.

हल्ली खंड्या पुढच्या पायरीशी येऊन बसतो आणि वर येत नाही. साखळीने ओढून आणावे लागते. हट्ट तुझाच घेतला आहे.

जावई ताराचंद लग्नानंतर पहिल्यांदाच दसऱ्याचे सोने द्यायला आले आणि पायरीवरूनच परत गेले. याबद्दल तू कार्डात एक अक्षर लिहिले नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. एवढेच सांगते, की पायरीजवळ पाय बुडवायचे ते फिनेलच्या पाण्याचे घमेले ताराचंद येणार म्हणून ठेवलेले नव्हते. प्लेगात माझी आई गेली, तेव्हापासून ते तिथे आहे. माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, त्यात पाय बुडवले. तू शाळेतून आल्यावर बुडवलेस. दूधवाला बुडवतो. मी त्यात कोणाची जात पाहिलेली नाही. त्यांना ती दिसली, त्याला मी काय करणार?

खंड्याचे पंजे भरले की कळवीन.

शुभचिंतक,
गोपिका हरकरे


धंतोली, नागपूर
२७ जानेवारी १९३९

प्रिय लतिका, आशीर्वाद.

तुझा तिळगूळ पोचला. वड्या थोड्या कडक झाल्या आहेत, पाक उतरवायला उशीर केलास. तरी संपल्या.

डिसेंबरात मला हिवतापाने धरले होते. आता बरी आहे. कोयनेलच्या गोळ्यांनी कान मात्र अजून वाजतात.

खंड्याचे पंजे भरले आहेत. हे वाक्य मी याआधीच लिहायला हवे होते.

मी अंथरुणाला खिळले तेव्हा रंभाबाईने पायरीजवळचे घमेले भरलेच नाही. नंतर विचारले तर म्हणाली, "तुम्ही कुठं पाहून राहिल्या होत्या? मंग कोणासाठी भरू?" साबण नाही, तेल नाही. खंड्या मनाला येईल तसा आत-बाहेर करत होता आणि माझ्या खाटेखाली निजत होता. मी उठून बसू लागले तेव्हा पाहिले, बोटांमधली लाली गेली होती. पोटावर मऊ लव आली होती. पायरी एका उडीत चढत होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हे मी वर्गात फळ्यावर लिहून मुलींना शिकवले. मार्तंडरावांचा प्रश्न तेव्हा आठवला. फिनेलचे पाणी मी स्वच्छ पाण्यातच धरत आले, त्यांना सांगायचे सुचलेसुद्धा नाही. तो जितक्यांदा आत आला तितक्यांदा मी त्याला त्यात उभे केले. ते शिंतोडे पोटावरही उडत असणार. मग त्यावर औषध म्हणून साबण आणि गंधक. आणि तो वर यायला तयार नाही, तर त्याला हट्ट म्हणाले.

एवढे कळल्यावर काय करायचे ते उघड होते. मी घमेले पुन्हा भरायला सांगितले.

रंभाबाई म्हणाली, "काहून जी बाई? आता तर बरा झाला नं तो." मी म्हटले, खात्री करायची आहे. खंड्या पायरीशी आला आणि थांबला. मी साखळी घेऊन उठले, पण तिची गरज पडली नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि आपण होऊन पाण्यात पाय घातले. पुढचे आधी, मग मागचे. मी शिकवले होते तसे. मी बघत राहिले. आठवड्याच्या आत तो पुन्हा पंजे चाटू लागला.

खात्री मला आधीच झाली होती, लतिका. बरा झालेला कुत्रा खाप्याला जाणार होता. लंगडा असता तर इथे राहणार होता.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. तू शहाणी आहेस.

आता पुढचे नीट वाच. बाहेरून आला की पंजे नुसत्या कोमट पाण्याने धुवावेत. बोटांमधे कोरडे पुसावे, ओल राहू देऊ नये. चिरले असले तर खोबरेल तेल, तेही चाटले तरी चालेल इतके थोडेच. वर चिंध्या बांधू नयेत. साबण क्वचित आणि साधा. उन्हाळ्यात दुपारी कन्हान नदीच्या वाळूत नेऊ नकोस, पाय पोळतात. अंग खाजवायला लागला तर आधी घरात काय नवे आणले ते पाहा, मग कुत्र्याकडे पाहा.

घमेल्याला कवडू टिनवाल्याकडून खाली भोक पाडून घेतले. परसात त्यात पुदिना लावला आहे. त्यानंतर खंड्याचे पंजे पुन्हा भरले. पायरी रिकामी आहे. आई गेल्यापासून ती मी अशी पाहिलेली नव्हती. येता-जाता अजून माझा पाय अडखळतो.

खंड्याही तिथे येऊन थांबतो. पाणी नसले तरी एक पंजा उचलून उभा राहतो, कोणी सांगेपर्यंत. नावाने हाक मारली की वर येतो.

त्याला न्यायला ताराचंद येतील तर बरे. सावनेरकडून येणारी सकाळची मोटार दुपारच्या आत पोचते. जेवायलाच या म्हणावे. दसऱ्याला मी दारातून बोट दाखवले आणि आत वळले. ते घमेले कशासाठी, हे सांगायला दोन वाक्ये लागली असती. ती मी तुला लिहिली, त्यांना नाही.

या वेळी ते पायरीशी थांबलेच, तर मी खाली उतरून त्यांना हाक मारीन. तू बरोबर असलीस तर तुला हाक मारावी लागू नये.

वाट पाहणारी,
तुझी आत्या