कर्नलसाहेबांनी खोडलेलं पान

अल मजाज, शुक्रवार संध्याकाळ

आखातातल्या या घराशेजारचे रोमानियन कर्नल वारून नऊ दिवस झाले. निवृत्तीनंतर त्यांनी पलटणीचा इतिहास लिहिला, मग स्वतःच्या आठवणी. त्यांचं इंग्रजी मी तपासत असे. एका पानावर होतं, की तरुणपणी वरिष्ठांना घाबरून त्यांनी मिहाई या मित्राविरुद्ध खोट्या जबाबावर सही केली. मीच म्हणालो, "साहेब, मुलगी वाचेल. हे पान नको." घरच्यांपासून असलं झाकावं, आपल्याकडे असंच सांगतात. त्यांनी हिरव्या पेन्सिलीने पान खोडलं.

आज त्यांची मुलगी इरिना आली. "अंकल, बाबा म्हणायचे, अंकलचा आल्याचा चहा मिळावा म्हणून मी मुद्दाम स्पेलिंग चुकवतो." दोघंही हसलो. मग तिने विचारलं, "आठवणींचं पुस्तक प्रेसला देतेय. फायनल कॉपी हीच ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण ती हिरवी रेघ इतकी फिकी, की खालचं सगळं वाचता येतं. त्यांना खोडायचंच नव्हतं का? फक्त माझा मान राखला?

मी माझ्याकडच्या कच्च्या प्रतीतून ते पान काढून दिलं. तिने उभ्यानेच वाचलं.

"बाबा दर महिन्याला ज्याच्या आईला पत्र लिहायचे, तो मिहाई हाच? हे पान पुस्तकात जाणार, अंकल. तुम्हाला पत्रांचं बोलले नव्हते?"

नव्हते. मीही कधी काही विचारलं नाही. फक्त इंग्रजी तपासलं.