मध्ये काच होती म्हणून
शनिवार, व्हिटबी

गाडीच्या पुढच्या काचेचा शेवटचा कोपरा रबरात बसला आणि त्याच क्षणी सगळं बदललं. कॉलेज अर्धवट सोडून वर्षभर घरी जोडलेली माझी गाडी! रबराची कड चौकटीवर चढावी म्हणून मी आत बसून त्यात घातलेली दोरी ओढत होतो, माझी मैत्रीण रेनिटा बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबत होती. तळवे तसेच ठेवून म्हणाली, "व्हँकुव्हरचा जॉब घेतलाय मी, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. सोमवारी निघतेय."

मग ही गाडी मी कुणासाठी बनवली?

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू भडकतोस रे. आज मध्ये काच आहे म्हणून बोलले."

तिचे तळवे अजून काचेवरच! मी काय खातो का तिला?

"मी भडकत नाही!" मी किंचाळलो, बाहेर पडलो आणि गॅरेजचं दार धाडकन आपटलं.