फोन बाबांच्या खिशात

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. साष्टांगच समज, कारण साध्या नमस्काराने तू पाघळणार नाहीस हे मला ठाऊक आहे. इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा काय म्हणतोय? भाच्याची परीक्षा संपली असेल.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. बाबा तुझ्याकडे नीट जेवतात का, झोपतात का, एवढं कळव. माझ्याबद्दल काय बोलतात ते कळवू नकोस. खरं तर तेही कळव.

मी त्यांच्यावर ओरडलो, हे माझ्या बायकोने तुला सांगितलंच आहे. तिचं काही चुकलं नाही. पण तिलाही सगळं माहीत नाही.

माझं काम तुला माहीत आहे. पुलांचे आराखडे, कुठे किती जाडीची सळई, किती अंतरावर. नजर हटली की चूक झालीच. आणि माझी नजर! फोन वाजला की फोनकडे, शेजारची बेल वाजली की खिडकीकडे, काहीच वाजलं नाही की का वाजत नाही म्हणून पुन्हा फोनकडे. घरून काम सुरू झाल्यापासून तर ताळतंत्रच उरला नाही. एका रविवारी रंगीत पेन्सिली घेऊन वेळापत्रक केलं. सोमवार ते भिंतीवर सरळ लागलंय का बघण्यात गेला. फोन कमी बघा असं बजावणारं ॲप घेतलं, तर ते काय म्हणतंय हे बघायला फोन हातात. चार दिवस बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या. साहेबांनी दोनदा समज दिली. ताई, सकाळी संगणक सुरू करताना माझे हात गार पडतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी ते पाहिलं असावं. एक दिवस म्हणाले, "फोन माझ्याकडे देऊन टाक. मी दाराबाहेर बसतो."

मी म्हणालो, "काय वाट्टेल ते झालं तरी द्यायचा नाही. मी मागितला तरी नाही."

"नाही देणार," म्हणाले.

हे कोणाला सांगतोय याचं तरी भान हवं होतं मला! पास नाही म्हणून मालकाच्या जावयाला कारखान्याच्या गेटवर उन्हात उभं करणारा माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर खुर्ची, शर्टाच्या खिशात माझा फोन, आणि घरात चिडीचूप. मीच एकदा बाहेर येऊन गयावया केली, एक मिनिट द्या म्हणून. "सुट्टी व्हायचीय अजून," म्हणाले. दोघंही हसलो. तेवढे दिवस खरंच चांगले गेले.

मग तो मंगळवार आला. पुलाच्या कामावर काँक्रीटच्या गाड्या येऊन उभ्या होत्या आणि माझ्या आराखड्यातलं एक अंतर बरोबर आहे का, हे तिथल्या लोकांना कळत नव्हतं. हो किंवा नाही, एवढंच हवं होतं. साहेबांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बाबांनी उचलला आणि सांगितलं, "तो कामात आहे." काँक्रीट काही वाट बघत बसत नाही. गाड्या परत पाठवाव्या लागल्या, अख्खा दिवस फुकट.

संध्याकाळी फोन हातात आला, साहेबांचे निरोप वाचले आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणालो, "हे काय तुमचं गेट आहे? जन्मभर माणसं अडवलीत, आता मलाही बुडवलंत!" आणखीही बोललो. ते नाही लिहवत.

"तूच सांगितलं होतंस ना," एवढंच म्हणाले. रात्री पिशवी भरली, पण निघाले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. का, ते विचार. माझं दार बंद होतं म्हणून. दिवसभर पिशवी घेऊन त्याच खुर्चीवर बसून राहिले, आणि मी बाहेर आल्यावर म्हणाले, "झालं तुझं? मग येतो मी."

इथवर तुला साधारण माहीत असेल. आता पुढचं.

परवा माझी बायको माझी खोली आवरत होती. म्हणाली, "हा कप इथे कधीचा?" माझ्या खुर्चीच्या मागच्या फळीवर चहाचा भरलेला कप, वर जाड साय धरलेली. बाबांचा चहा, आलं ठेचून केलेला. मंगळवारचा. त्यानंतर त्यांनी चहा केलाच नव्हता. म्हणजे ते आत आले होते, कप ठेवला आणि हाक न मारता गेले.

त्या फळीपाशी उभं राहिलं की माझ्या संगणकाचा पडदा लख्ख दिसतो. मी उभा राहून बघितलं.

ताई, मी कामात नव्हतो. मी पत्ते खेळत होतो. संगणकावर, एकटाच, लाल पानावर काळं पान. दुपारभर. फोन नाही, बेल नाही, दाराबाहेर पहारा. अंगण सरळ करून दिलं तरी मला नाचता येईना. आराखडा समोर उघडला की चुकेल या धास्तीने मी तो झाकून डाव मांडायचो. घोडं फोनपाशी पेंड खात नव्हतंच.

आणि बाबांनी ते पाहिलं. कधी खोटं न बोललेल्या त्या माणसाने माझ्यासाठी फोनवर सांगितलं, तो कामात आहे. मी इतका ओरडलो, तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना. नाही केलं.

अजून एक राहिलंय. इतका वेळ तेच टाळतोय, मघाशी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली तीही त्याचसाठी. नोकरी जायची वेळ आली तेव्हा मी साहेबांना सांगितलं, "वडील म्हातारे आहेत, त्यांना कळत नाही, त्यांनी मला फोनच दिला नाही." साहेब निवळले. नोकरी वाचली. बाबा तेव्हा शेजारच्या खोलीत पिशवी भरत होते. भिंत पातळ आहे.

थांब जरा. आलोच.

परत बसलोय. साहेबांना फोन केला. सांगितलं, वडिलांची चूक नव्हती, मी काम करतच नव्हतो. ते म्हणाले, "सोमवारी ऑफिसात या, लॅपटॉप घेऊन या." म्हणजे काय ते तुला कळलं असेल. मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "तुमच्या वडिलांना सगळं कळतं हो. तिसऱ्या फोनला मी फार बोललो त्यांना. ते म्हणाले, साहेब, पोरगं फार थकलंय, जरा बसू द्या. काय बोलायचं ते मला बोला."

ताई, मी रविवारी येतो. नोकरीचं रडगाणं घेऊन नाही येत. बाबांना हे पत्र दाखव, नाहीतर वाचून दाखव, मधलं काही न गाळता. आणि एवढं विचार, की मी दारात आलो तर आत सोडतील का. पास नाही माझ्याकडे. उन्हात उभं केलं तरी चालेल. फोन बंद करून येतोय, सुट्टी ते म्हणतील तेव्हा.

तुझा,
कामात नसलेला,
धांदल्या