हवालदाराला शोभेल अशी सोबत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. पाच फुटी टाकी आली. (शनिवारीच आली, पण सोमवारी सुरू केलेली गोष्ट टिकते.) हॉलमध्ये जेवणाचं टेबल होतं तिथे बसवली. टेबल पॅसेजमध्ये गेलं. जेवताना कोणाला बाथरूमला जायचं झालं तर दुसऱ्याने ताट हातात घेऊन उठायचं, एवढाच बदल. बायको काही बोलली नाही. पटलं असावं.

कारण नोंदवून ठेवतो. हवालदार, म्हणजे मुलीचा निळा अकारा जातीचा मासा, आठ वर्षं दोन फुटी टाकीत एकटा काढतो आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, सिक्लिड कुळातला. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालतो, म्हणून मुलीने शाळेत असताना हे नाव ठेवलं. आता ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. ३० तारखेला येणार आणि हवालदाराला घेऊन जाणार, असं तिने आईला फोनवर सांगितलं. मला नाही. आठ महिने ती माझ्याशी बोलत नाही. खरं तर मीच तिच्याशी बोलत नाही. तिच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

आली की काय दिसेल तिला? पाच फूट पाणी, भाऊबंद, भरलेलं घर. न्यायचं नावसुद्धा काढणार नाही. हे सगळं माशाच्या हितासाठी. माझा वैयक्तिक संबंध नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानात गेलो. दुकानदार टाकीत कोपरापर्यंत हात घालतो, पँटला पुसतो आणि त्याच हाताने बिस्किट खातो. मला एक देऊ केलं. मी दोन्ही हात खिशात घातले.

त्याने न विचारता चार गोष्टी सांगितल्या. नवी टाकी महिनाभर नुसती पाण्यावर चालवा. जुन्या फिल्टरचा स्पंज आहे तसा नव्यात घाला, त्यातले जंतू माशांची घाण पचवून पाणी राखतात. नवे मासे आधी सोडा, म्हातारा सगळ्यांत शेवटी. आणि आठ वर्षं एकटा राहिलेल्याला सोबत आणताय कशाला, असंही म्हणाला.

मी सांगितलं की पाणीपुरवठा खात्यात, तक्रार विभागात, सव्वीस वर्षं झाली. मला पाणी शिकवू नका. त्यावर क्लोरिन मारायच्या थेंबांची बाटली पुढे केली. परत केली. आमच्या खात्याच्या पाण्याला औषध लागत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
लायब्ररीतून माशांचं पुस्तक आणलं. पानांना कोणाच्या तरी जेवणाचे डाग. रुमालाने धरून वाचलं आणि तक्ता तयार केला. डावीकडे नावं, वर नावं, मधल्या चौकटीत बरोबर किंवा फुली. कोणाचं कोणाशी पटेल हे एका नजरेत कळतं. खाली गोपनीय अहवालाच्या धर्तीवर शेरे.

ऑस्कर: हुशार, मालकाला ओळखतो. पण घास चावून अर्धा बाहेर टाकतो आणि पुन्हा तोच खातो. जेवणाच्या सुट्टीतले आमचे साहेब आठवले. नापास.

जिओफॅगस: दिवसभर तोंडात वाळू घ्यायची, कल्ल्यांतून सोडायची. अखंड गुळण्या. नापास.

डिस्कस: राजबिंडा. मात्र याची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. शिसारी आली. पुस्तक मिटलं. मग वाटलं, निदान आईबापांना धरून तरी राहतात. तरीही नापास. पाणीसुद्धा फार गरम लागतं.

सेव्हरम: पोक्त, गोलमटोल, पालेभाजी खातो. उत्तीर्ण. दोन घ्यावेत.

रॅम: बोटाएवढा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. उत्तीर्ण. दोन.

एंजल: ऐटबाज, पण ऐट स्वतःपुरती. उत्तीर्ण. एक.

तक्ता टाकीच्या वर भिंतीला लावला. बायकोने चष्मा लावून पाहिला आणि विचारलं की यात तुमची ओळ कुठली. तिला तक्ता वाचता येत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
फिल्टरचा जुना स्पंज काढला. काय वर्णावं. तपकिरी, बुळबुळीत, दाबला की गटारासारखा वास. आणि हा दुकानदार म्हणे आहे तसा घाला. माणसाला स्वच्छतेची चाड नसली की ज्ञानाच्या नावाखाली काहीही खपवतो. नळाखाली धरून अर्धा तास पिळला. पांढराशुभ्र झाला. नव्या फिल्टरमध्ये बसवला.

त्यानंतर तीनदा हात धुतले. वास गेला नाही. दुपारी चमच्याने जेवलो.

बायकोला सांगितलं, उद्या हवालदार हलला की जुनी टाकी लगेच भंगारात दे. बरं म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार
मासे आणले. महिनाभर थांबलो तर ३० तारीख उलटून जाईल, हे दुकानदाराच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

सकाळी हवालदाराला सोडलं. सेवाज्येष्ठता. आठ वर्षं झालेल्याला बाहेर ताटकळत ठेवून काल आलेल्यांना जागा द्यायच्या, हे कुठल्याही कार्यालयात चालत नाही. त्याने पाच फुटांची पाहणी केली, मधला मोठा दगड पसंत केला. संध्याकाळी बाकीचे पाच सोडले.

हवालदार त्यांच्या स्वागताला स्वतः पुढे गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
स्वागत चालूच आहे. दोन्ही रॅम हीटरच्या मागे, एंजल वरच्या कोपऱ्यात नाक काचेला लावून. शिस्त लागते आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
एका सेव्हरमच्या शेपटीचा तुकडा गेला. बायकोचं म्हणणं, हवालदाराने तोडला. माझं म्हणणं, सेव्हरमने शेपटी आडवी घातली.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, म्हाताऱ्याला दोन-चार दिवस बाहेर काढा, दगड हलवा, बाकीच्यांना जागा धरू द्या, मग त्याला सोडा. मी विचारलं की तुमच्या दुकानात मालकाला बाहेर काढून नोकरांना गल्ल्यावर बसवतात का. त्याने फोन ठेवला. फोनवरसुद्धा तो काहीतरी चघळत होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. वास. सेव्हरमची घाण. पालेभाजी खाणाऱ्याकडून ही अपेक्षा नव्हती, शेरा बदलला.

हवालदार काळवंडला आहे. माझ्या हातूनही खाईना. रोज सकाळी सहा चाळीसला मी खाण्याची चिमूट पाण्यात धरतो आणि तो येऊन बोटाला ठोसा देऊन खातो. मुलगी गेल्यापासून हे चालू आहे. ती गेली त्या दिवशी दारात मी एवढंच म्हणालो होतो की घर सोडणाऱ्याने घराची चौकशी करू नये. तशी ती करतही नाही. हवालदाराची करते. फोन आला की तिची आई मला हाक मारून विचारते, खाल्लं का त्याने, आणि मी आतून मोठ्याने उत्तर देतो. ते तिकडे ऐकू जातं.

आज फोन आला. खाल्लं, असं सांगितलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिस. मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती. १९ आणि २० तारखेला क्लोरिन वाढवणार. जाहीर निवेदनाचा मसुदा मी केला: "पाण्यास उग्र वास आल्यास नागरिकांनी घाबरून जाऊ नये. पाणी सर्व दृष्टींनी योग्य आहे." 'सर्व दृष्टींनी' हे शब्द साहेबांना विशेष आवडले. प्रती काढल्या, प्रत्येकीवर 'माहितीस्तव' असा शिक्का मारला. शिक्क्याची शाई बोटांना लागली. घाण वाटते.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९.१०
अखेर निर्णय घेतला. नळाला पाइप जोडून टाकीतलं अर्धं पाणी बदललं. बायको म्हणत होती, थांबा, माझ्याकडे दोन बादल्या कालच्या भरून ठेवलेल्या आहेत. मी सांगितलं, शिळं पाणी मी माशांना देत नाही. ताजं पाणी कसं सणसणीत होतं. स्वच्छतेचा वास आला. डोळे चुरचुरले. हवालदार जागचा हलला, मोठमोठे घोट घेऊ लागला. गुण आला. ऑफिसला निघतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी
बायकोने दुपारी चार वेळा ऑफिसात फोन केला. लागला नाही. तक्रार विभागात एक ते तीन रिसीव्हर काढून ठेवण्याची पद्धत आहे. पद्धत मीच घातली.

एंजल गेला. दोन्ही रॅम गेले. सेव्हरम आडवे झाले होते, त्यांना बायको बादलीतून दुकानदाराकडे देऊन आली. हवालदार टाकीत नाही.

कुठे आहे, विचारलं नाही. कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं नाही. जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६.४०
सवयीने चिमूट घेऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, बाल्कनीत जा.

वॉशिंग मशीनच्या मागे जुनी टाकी. भंगारात दिलीच नव्हती. हवालदार त्यात, बायकोच्या शिळ्या पाण्यात. कल्ले लाल झालेले, पण जागा. बोट पाण्यात घातलं. उशिरा आला, ठोसा दिला, खाल्लं.

माझ्या आज्ञेचं उल्लंघन झालं, हे नोंदवतो. पुढची कारवाई करणार नाही.

आठ वर्षं याचं पाणी मीच बदलत आलो. म्हणजे देखरेख माझी. आदल्या दिवशी बादल्या भरून कोण ठेवतं, हे पाहायचं कारण पडलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
गप्प बसणार नाही. खात्याविरुद्ध लेखी तक्रार केली. क्लोरिनमुळे तीन माशांचा मृत्यू. नागरिक म्हणून, घरच्या पत्त्यावरून, पोस्टाने.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तक्रार माझ्या टेबलावर आली. अक्षर बरं होतं, मजकूर रडका. असल्या लोकांचा मला तिटकारा आहे. जाहीर निवेदन वाचायचं नाही आणि मग गळे काढायचे. नेहमीचं उत्तर लावलं: "पाणी सर्व दृष्टींनी योग्य आहे. तक्रारीत तथ्य आढळले नाही." सही केली. नियम सर्वांना सारखा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
उत्तर घरी आलं. बायकोने सही करून घेतलं, वाचलं, आणि बराच वेळ स्वयंपाकघरात जाऊन हसत होती. सरकारी कागदावर हसणं मला आवडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
मुलगी आली. झाकणाची बादली, सेलवर चालणारा पंप, दोन मोठे कॅन पाणी. सगळी तयारी करून. बारीक झाली आहे.

पाच फुटी टाकी मी आधीच धुऊन कोरडी केली होती. तिने आईला विचारलं, ही कोणासाठी. आईने सांगितलं, तुझ्या हवालदारासाठी. मग ती भिंतीवरच्या तक्त्यासमोर खूप वेळ उभी राहिली. एकेक शेरा वाचत होती. मी पेपर वाचत होतो. पान उलटायचं राहिलं.

बाल्कनीत तिने जाळी पाण्यात धरली आणि हवालदार आपणहून जाळीत गेला. इतका निर्लज्जपणा मी माशात पाहिला नव्हता.

निघताना मी म्हणालो की त्याचं कोणाशी जमत नाही, माझ्या हातूनच खातो, आठ दिवसांत परत आणावा लागेल. हे मी बायकोला म्हणालो, पण जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

तिने जिन्यावरून आईला सांगितलं की पोचल्यावर फोन करते.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
काही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
फोन आला. बायकोने मला हाक मारून काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलं नव्हतं. मी आपण होऊन पाणी प्यायला तिथे गेलो.

हवालदार पहिल्या संध्याकाळपासून खातो. तिच्याकडे आधीपासून एक अकारा आहे, मादी. दगड हलवले, मादीला जागा धरू दिली, याला शेवटी सोडलं. आता दोघं एकाच दगडाखाली बसतात म्हणे.

म्हणजे हवालदाराचं जमतं.

यावर काय शेरा मारावा ते सुचत नाही. तक्ता भिंतीवरून काढला. बायकोने मागच्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली. पाठीला पाठ लागून ते सगळे नापास आणि साबण, मीठ, तेल.

फोन ठेवण्याआधी बायकोने अचानक तो माझ्या कानाला लावला. मुलगी म्हणाली, बाबा, त्याला बघायला याल का रविवारी. नऊ महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी म्हणालो, टाकी सोडून येता यायचं नाही.

बायको टाकीकडे पाहत होती. तीत तिने जुन्या उशा आणि जादा चादरी ठेवल्या आहेत.

६ डिसेंबर, शनिवार
बसच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरचा माणूस कानात पेन्सिल फिरवून तीच जिभेला लावतो. तरी उभा राहिलो. गाडीत लोक अंगावर पडतात, डुलक्या घेतात, शेजाऱ्याच्या खांद्यावर लाळ गाळतात. खिडकीजवळची जागा मिळते का, विचारलं. मिळते. शेजारची बायकोसाठी मिळते का, तेही विचारलं.

पहिली बस उद्या सकाळी सहा चाळीसला. केवळ माहितीस्तव.