वहिनींचं अर्धं वाक्य

मु. पो. अलोरे, ता. चिपळूण
मे महिना (तारीख लिहिली असती, पण कॅलेंडरचं ते पान सानवीने फणसाच्या चिकात बुडवलं आहे)

ती. सौ. कमळावहिनींस,

धाकट्या दिराचा, म्हणजे सहदेवचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दादाला वेगळा नमस्कार सांगावा आणि तंबाखू कमी झाली का तेही विचारावं. इकडे सगळे खुशाल आहोत असं पत्रात आधी लिहायचं असतं म्हणून लिहितो. कितपत खुशाल ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? (तुमच्या राजेंद्रच्या बदलापूरच्या इमारतीत लिफ्ट आहे, मग गुडघ्याला काय धाड भरली, असं मी मागच्या गणपतीत म्हणालो होतो. सीता माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.) तीन गणपती झाले, तुम्ही घरी आलेल्या नाहीत. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून थांबता आणि मी घाईने पुढचं बोलून मोकळा होतो, म्हणून पत्र. पत्रात मला तुमचं बोलणं तोडता येत नाही.

तर झालं असं. आमच्या ईशाचं बाळंतपण ठाण्याला, त्यामुळे सीता दीड महिना झाला लेकीकडे आहे. स्वरूप लोट्याच्या कारखान्यात, सूनबाई नम्रता चिपळूणला बँकेत. दिवसभर घरात उरलो मी आणि नात सानवी. माझं वय चौसष्ट, तिचं पावणेतीन, आणि तिच्याजवळ शब्द चार: आई, बाबा, माऊ, नको. (चौथा ती सर्वात जास्त वापरते.) तिच्या वयाची शेजारची पोरं शिव्यासुद्धा स्पष्ट देतात. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत निघाले. म्हणाले, तिच्याशी बोलत राहा आणि दीड महिन्याने परत दाखवा. नम्रता सकाळी डबा भरता भरता डोळे पुसायची आणि कांद्यामुळे म्हणायची. कांदा चिरलेला नसायचा. मला ते बघवेना. मी म्हणालो, सोपवा माझ्यावर, चौतीस वर्षं पोफळीचं पॉवरहाऊस सांभाळलं आहे. (सांभाळलं म्हणजे एका शिफ्टला आम्ही सात जण होतो, पण हे तिला कोणी सांगितलेलं नाही.)

पहिला आठवडा मी शिस्तीत घालवला. चिपळुणातून रंगीत तक्ते आणले, ओटीवर खिळे ठोकून लावले आणि वेळापत्रक केलं: आठ ते साडेआठ फळं, मग रंग, मग आकडे, मग प्राणी. छडी घेतली नाही, फूटपट्टी घेतली, तीही फक्त दाखवायला. सानवी पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसली, दुसऱ्या दिवशी पाच, आणि तिसऱ्या दिवशी तक्ता दिसला की कॉटखाली. मी पण कॉटखाली गेलो. जाताना गेलो वहिनी, पण येताना कंबर आली नाही. शेजारचे महिपतराव ताक द्यायला आले तेव्हा त्यांनी मला पायांना धरून ओढून काढलं आणि वर विचारलं, “काय हरवलाव, भाऊ?” अब्रू हरवली म्हणून सांगायची सोय नव्हती, मी चष्मा म्हणालो. चष्मा नाकावर होता.

मग अंगणवाडीच्या दीपालीताईंकडे गेलो. बाई वयाने माझ्या ईशाएवढी, पण डोकं शांत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आजोबा, वेगळी शाळा नका घेऊ, घरातलं काम करता करता तिच्याशी बोला, ती जिकडे बघते तिकडे बघा. यातलं ‘बोला’ एवढंच मी घरी आणलं, बाकीचं बहुतेक वाटेत पडलं. दुसऱ्या दिवसापासून मी जे बोलायला लागलो ते थांबलोच नाही. आता आजोबा डाळ धुतात, आता आजोबा हळद घालतात, हळद पिवळी, पिवळं म्हणजे काय, पिवळं म्हणजे झेंडू, आता आजोबांना शिंक आली. पॉवरहाऊसमध्ये टर्बाइनच्या आवाजात खाणाखुणांवर नोकरी झाली, त्यामुळे चौतीस वर्षांचं साचलेलं बोलणं माझ्याकडे होतंच. बोलता बोलता दोनदा डाळ करपली, एकदा दूध उतू गेलं आणि मी उतू जाणाऱ्या दुधाचंही वर्णन पूर्ण केलं. महिपतरावांनी कुंपणापलीकडून हे चार दिवस ऐकलं आणि चिपळूणच्या स्टँडवर स्वरूपला गाठून सांगितलं, “बाबा येकटंच बोलतत रे, वाईच बघ.” पोरगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून शहाळी घेऊन आला आणि मला हळूच विचारलं, बाबा, झोप लागते ना? आणि सानवी? तिने पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर चढून माझ्या तोंडावर हात ठेवला. दोन्ही हात, वहिनी.

मला फार लागलं ते. मी गप्प झालो आणि रुसून मागच्या पडवीत आठळ्या सोलत बसलो. (यंदा कापा फणस भरपूर. पावसाळ्यासाठी आठळ्या तुम्ही ठेवायचात तशाच मातीत घालून ठेवतोय.) थोड्या वेळाने ती आली, समोर बसली. एक आठळी उचलली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “आं?” आणि माझ्या तोंडून जुन्या सवयीने निघालं, “आं. आठळी.” ही सवय कसली ते सांगतो. कंट्रोल रूमच्या फोनवर आमचा नियम होता: पलीकडून निरोप आला की तोच निरोप आपण परत म्हणून दाखवायचा, आणि आपण निरोप दिला की पलीकडचा तो परत म्हणेपर्यंत थांबायचं. तोवर कशालाही हात लावायचा नाही, कितीही वेळ लागो. नोकरीभर हा नियम मी एकदाही मोडला नाही आणि घरी येऊन एकदाही पाळला नाही. तर मी म्हणालो, आठळी, आणि थांबलो. मनात दहापर्यंत मोजायला लागलो. आठवर तिने दुसरी उचलली. “आं?” “आठळी. गुळगुळीत.” परत थांबलो. असं किती वेळ चाललं कोण जाणे, टोपलीभर आठळ्या झाल्या. शेवटची तिने माझ्या हातावर ठेवली, मी काही बोलायच्या आत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “आठी.” मी उठून घरात गेलो, तोंड धुतलं, परत येऊन बसलो. कांदा चिरलेला नव्हता.

आणि तेव्हा, वहिनी, मला तुम्ही दिसलात. स्वरूप लहान असताना सीता शाळेत शिकवायला जायची, मी रात्रपाळी करून दिवसा झोपायचो, आणि पोर तुमच्याकडे. मी दारावर सूचनापत्रक लावलं होतं, आठवतं का? अकरा नियम. सकाळी आठ ते तीन घरात आवाज नको. मुलाला स्वयंपाकात घेऊ नये. मुलाशी निरर्थक बोलण्यात वेळ दवडू नये. त्याला पाटीवर बसवावं. तुम्ही काही न बोलता त्याला घेऊन मागच्या पायरीवर जायचात. मी खिडकीतून अर्ध्या झोपेत बघायचो. तुम्ही तांदूळ निवडायचात आणि म्हणायचात, “हा खडा, आता ह्याला आपण...” आणि गप्प. पुढे काही नाहीच. मला वाटायचं, वहिनींना वाक्य पुरं करायला सुचत नाही. तो खडा अंगणात भिरकावला जायचा आणि स्वरूप ओरडायचा, “टाकूया!” आणि मी वैतागून कूस बदलायचो. इतका शहाणा माणूस मी, शिफ्ट इन्चार्ज, पण वाक्याचा उरलेला अर्धा भाग रोज माझा मुलगा म्हणत होता हे मला कळायला तीस वर्षं लागली. उलट मी घरभर तुमच्या अर्ध्या वाक्यांची थट्टा केली. सानवीच्या बारशाला बायकांनी तुम्हाला उखाण्याचा आग्रह केला, तेव्हा भरल्या मांडवात मी म्हणालो, वहिनी उखाणा अर्धाच घेतील, उरलेला दादाने घ्यायचा. सगळे हसले. तुम्हीही हसलात. आणि गणपती आठ दिवसांवर आलेला असताना दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेलात. गुडघा तेव्हापासूनच दुखतो आहे, होय ना?

माझं चुकलं, वहिनी. हे वाक्य पुरं आहे, याला पुढे काही नाही.

आता इकडची प्रगती. कपडे वाळत घालताना ती चिमटे देते आणि प्रत्येक चिमट्याला कोणाचा कपडा ते सांगते. (माझ्या बनियनला ती ‘आजोबांचं भोक’ म्हणते. निरीक्षण बरोबर आहे.) अंगणवाडीला जाताना वाटेत मुंग्यांची रांग लागली की आम्ही दोघे उकिडवे बसतो, एकदा इतके बसलो की अंगणवाडी सुटली आणि पोरं घरी जाताना आमच्या बाजूने वळसा घालून गेली. दीपालीताईंनी रागावायचं सोडून स्वतःच खाली बसून विचारलं, कुठे चालल्यात या? सानवी म्हणाली, “घरी. जेवाया.” मला मात्र अजून मधूनमधून बोलण्याची उबळ येते. गेल्या रविवारी बांगडा साफ करताना मी खवले, कल्ले, शेपूट असं सुरू केलं, तेव्हा तिने आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं: “आजोबा, तुम्ही गप बसा.” नम्रता ओट्याशी उभी होती. ती मोठ्याने हसली आणि मग डोळे पुसत राहिली, या वेळी कांद्याचं नावही न घेता. डॉक्टरांकडे परवा जाऊन आलो. ते म्हणाले, छान, काय केलंत? मी म्हणालो, मी काही नाही, आमच्या वहिनी करायच्या.

दादाला आणि राजेंद्रच्या मुलांना आशीर्वाद. (दादाला आशीर्वाद कसा देणार, त्याला नमस्कार. घाईत लिहितो आहे, सानवी पेन मागते.)

तुमचा उशिरा शिकलेला दीर,
सहदेव

ता. क. सानवीला रेघोट्या ओढायला कागद हवा म्हणून जुनी ट्रंक उघडली, तर तळाशी ते अकरा नियमांचं पत्रक निघालं. फाडून टाकणार होतो. उलटं केलं, तर मागच्या बाजूला कोळशाने गिरगोट्या आणि कोपऱ्यात तुमचं अक्षर: ‘स्वरूप म्हनतो ही एश्टी हाय. धूर पन काडलाय.’ म्हणजे तुम्ही ते कधीच उलटं करून घेतलं होतंत. स्वरूपला दाखवलं. तो आज कामावर उशिरा गेला.

ता. क. दुसरा. तांदूळ निवडताना तुम्ही त्याला चिमणीची एक गोष्ट सांगायचात, ती स्वरूपला निम्मीच आठवते. चिमणी खडा घेऊन सोनाराकडे जाते तिथपर्यंत आम्ही पोचतो आणि मग सानवी रोज विचारते, “मग?” मग काय ते मला माहीत नाही, सीतालाही नाही. लिहून पाठवू नका, लिहून जमणार नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठीच. पायऱ्यांना मी लोखंडी कठडा बसवून घेतला आहे, गुडघ्यासाठी. तेव्हा वहिनी, या गणपतीला तुम्ही आणि दादा...

(पुढचं मी बोलत नाही. तुम्ही म्हणायचात तसा वाईच दम धरून बसलो आहे.)