कारापूरचा राजा, भाग तीन

९ ऑगस्ट २०१३, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमेची नोंद राहिली पाहिजे. वही खाणीच्या वजनकाट्यावरची आहे, तिथे मी ट्रक मोजायचो. मायन बंद झाली तेव्हा मी घरी आलो आणि ही वही पण माझ्याबरोबर आली. डाव्या रकान्यात 'ट्रक नंबर' छापलंय, तिकडे बघायचं नाही.

मोहीम अशी. आमच्या सुविधाने पुण्याहून 'व्हॅली किंग्ज ३' हा गेम पाठवला. पहिला भाग मी तेरा वर्षांपूर्वी ह्याच मेजावर जिंकलेला. सहा वेळा. ती तेव्हा आठ वर्षांची, माझ्या मांडीवर बसून टाळ्या वाजवायची. दुसरा भाग आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चाललाच नाही, म्हणजे तो मी हरलो असं कोणाला म्हणता येत नाही.

संध्याकाळी फोन झाला. म्हणाली, चवथीला येते, पण दीड दिवसच, गणपती पोचवला की निघणार. मी म्हटलं, गो, पाच दिवस तरी राहा. तर हसून म्हणाली, पप्पा, गेममध्ये मला हरवा, राहते पाच दिवस. मी लगेच कबूल.

पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. कमलाक्षीला सांगितलं, पाच दिवसांच्या हिशेबाने नारळ आणि गूळ आणून ठेव. ती म्हणाली, आधी जिंका तर खरे. नवऱ्यावर विश्वास म्हणून नाही.

१० ऑगस्ट, सकाळी ११

गेम घातला. सुविधाचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरीच आहे, त्यावर मख्खनासारखा चालतो. सुरुवातीला विचारतो, ट्यूटोरियल करणार काय? नऊ धडे आहेत म्हणे. सोडले. सहा वेळा जिंकलेल्या माणसाने बालवर्गात बसायचं?

सोबत दोनशे बारा पानांचं मॅन्युअल. उपयोगी आहे. कॉम्प्युटरचा पडदा जरा खाली वाटत होता, आता बरोबर उंचीवर आला.

११ ऑगस्ट

राज्याचं नाव कारापूर ठेवलं. पडद्याच्या कोपऱ्यात डोक्याला फडका बांधलेली एक म्हातारी असते. ती सल्लागार. सारखं काहीतरी विचारते. महाराज, धान्य? महाराज, विहीर? महाराज, लोक नाराज आहेत. तिला बंद करायचं बटण शोधायला दीड तास लागला. सापडलं. आजची मोठी प्रगती.

नवव्या फेरीत राज्य बुडालं. गेममध्ये काहीतरी चूक असणार.

१४ ऑगस्ट

सातव्या, आठव्या आणि बाराव्या फेरीत बुडालं. बारा म्हणजे आलेख वर आहे.

आज गुपित सापडलं. लोखंड! डोंगरात नुसतं लोखंड भरलेलं आहे, आणि त्यातलं ह्या डिचोली तालुक्यात माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळतं? सव्वीस वर्षं काट्यावर होतो. गाडी नुसती बघून वजन सांगायचो. सगळी माणसं खणायला लावली. चाळीस खाणीवर, दोन शेतात. पहिल्या भागात ह्याच पद्धतीने जिंकलेलो.

कमलाक्षी अडोळीवर खोबरं खवत मागून बघत होती. विचारलं, भात कोण लावणार? मी म्हटलं, लोखंड असलं की भात आपोआप येतो. ती म्हणाली, हां, आमच्याकडे बघा, मायन बंद झाल्यापासून गेलं वर्षभर येतोच आहे. तिला स्ट्रॅटेजी कळत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

वेळापत्रक केलं. सकाळी सहा ते आठ सराव, आठ ते नऊ मॅन्युअल, नंतर चिंतन.

उठलो साडेआठला. चिंतन झालं.

उत्तरेला एक राजा आहे, मिशीवाला, चाळीस घोडे बाळगतो आणि दर फेरीला माझी हद्द खातो. गेममध्ये नावं बदलता येतात. मी त्याचं नाव जयराम ठेवलं. आमचा खरा जयराम शेजारी, उत्तरेलाच राहतो आणि मधल्या मेरेवरचा, म्हणजे बांधावरचा माड त्याचा की माझा, ह्यावरून आम्ही अकरा वर्षं बोलत नाही. नाव बदलल्यापासून खेळायला भलताच हुरूप आलाय.

२१ ऑगस्ट

प्रश्न असा. जयरामावर आत्ता स्वारी करावी की आणखी लोखंड साठवावं? मॅन्युअलमध्ये असेल, पण ते काढलं तर पडदा खाली येतो. म्हणून सरळ देवळात गेलो, कौल लावायला. आमच्याकडे विहीर खणायची असो, पोरीचं स्थळ असो, देवाला विचारल्याशिवाय कोण करतो काय?

भटाने विचारलं, गाऱ्हाणं काय घालू? मी म्हटलं, उत्तरेच्या जयरामावर चवथीच्या आत स्वारी करावी काय नको. भट चाळीस वर्षं कौल लावतोय, लोक काय काय विचारतात. त्याने मानही वर केली नाही. देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, की बा देवा महाराजा, हा तुझा मधुकर उत्तरेच्या जयरामावर चाल करून जाऊ म्हणतो, काय तो उजवा-डावा कौल दी. मंडपात बसलेल्या चार-पाच जणांनी होय महाराजा म्हटलं.

उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. लगेच. बोलायचं कामच नाही.

२१ ऑगस्ट, दुपारी ३

स्वारी केली. सैन्य वाटेत उपाशी मेलं. देवाचं चुकलं नाही, देवाने स्वारी करा म्हटलं होतं, जेवण घेऊ नका असं म्हटलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

जयरामाने मेरेवर काटेरी तार घातली. खऱ्या जयरामाने. कुत्रा पण आणलाय कुठून तरी. मला कारण कळेना.

दुपारी त्याची बायको चंद्रावती बावीवर पाणी काढताना कमलाक्षीला भेटली आणि रडायलाच लागली. म्हणे, माड घेऊन टाका तुम्ही, पण देवाला विचारून माणसं मारायला निघू नका, आमचे हे दोन दिवस जेवलेले नाहीत.

कमलाक्षी घरी आली. पुढचं लिहीत नाही. वही माझी असली तरी मान पण माझाच आहे.

२४ ऑगस्ट

कमलाक्षीने हाताला धरून जयरामाकडे नेलं. अकरा वर्षांनी त्याच्या सोप्यावर बसलो. सगळं समजावून सांगितलं. गेम आहे, त्यात राजा आहे, राजाला तुझं नाव दिलंय. जयरामाने विचारलं, तुझ्या त्या गेमात मी आहे? म्हटलं, आहेस. म्हणाला, कसा आहे? म्हटलं, मिशी आहे, चाळीस घोडे आहेत. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, मग जिंकतोय कोण?

खरं सांगावं लागलं.

चहा आला, चवळीची उसळ आली, पाव आले. जयराम आमच्याकडे स्वतःला बघायला आला आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाही.

१ सप्टेंबर

जयराम रोज येतो. कदेल ओढून बाजूला बसतो आणि स्वतःचे घोडे दिसले की मांडीवर थाप मारतो. आज मला म्हणाला, मधू, तू त्या म्हातारीला गप्प का केलंस? ती बरं सांगत असेल. शत्रूचा सल्ला मी घेत नाही.

अठरा फेऱ्या टिकलो. सुविधाला फोनवर सांगितलं, तयारी पूर्ण आहे, जास्तीचे कपडे घेऊन ये. ती म्हणाली, पप्पा, धान्याचं नीट जमलं ना? मी म्हटलं, धान्याची काळजी तू करू नकोस.

६ सप्टेंबर

माटोळीचं सामान आणायचं काम दरवर्षी माझं. गणपतीवर टांगायच्या माटोळीला रानातली फळं, आम्याड, कांगलां, सुपारीची शिपटी, सगळं डिचोलीच्या बाजारात भल्या पहाटे जाऊन बघून घ्यावं लागतं. ह्या वर्षी जरा राहिलं. जयराम दोघांचं आणतो म्हणाला. राज्यकारभारात कामं वाटून द्यावी लागतात.

८ सप्टेंबर

पोर आली! बारीक झालीय. पुण्यात काय खाते कोण जाणे. सॅक एवढीशी, म्हणजे दीड दिवसाचीच. मी ती उचलून आत ठेवली, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. राजाने दाखवायचं नसतं.

९ सप्टेंबर, चवथ

युद्धबंदी. हळदीच्या पानातल्या पातोळ्या. माटोळी जयरामाने इतकी छान बांधली की मला जरा रागच आला. आरतीला सुविधा माझ्या बाजूला उभी होती, लहानपणी यायची तशी, माझा शर्ट धरून. देवाकडे एकच मागितलं. कौल लावला नाही, नुसतं मागितलं.

१० सप्टेंबर, सकाळी १०

तिने लॅपटॉप जोडला. जयराम पंच. त्याला मुळात स्वतःच्या नावाने खेळायचं होतं. कमलाक्षी दारात. आता विजय झाल्यावरच लिहितो.

१० सप्टेंबर, दुपारी १

घडलं ते क्रमाने लिहितो, कारण ह्यात अन्याय झालाय.

मी खाणी काढल्या. चौथ्या फेरीत सुविधाने मला भाताच्या शंभर गोण्या भेट पाठवल्या. मी परत केल्या. शत्रू भात कशाला पाठवेल? सहाव्या फेरीत तिने आपलं सैन्य मागे घेतलं आणि किल्ल्याचं दार उघडं टाकलं. सापळा, दुसरं काय. मी गेलो नाही. आठव्या फेरीत परत भात. परत पाठवला. जयरामाने कपाळावर हात मारला, पण पंचाने मत द्यायचं नसतं.

अकराव्या फेरीत माझ्या माणसांनी फावडी टाकली आणि घरदार, कोंबड्या, म्हातारे-कोतारे घेऊन सुविधाच्या खोऱ्यात राहायला गेली. सगळीच्या सगळी. ती कोपऱ्यातली म्हातारी सगळ्यांच्या पुढे. शेवटी पडद्यावर मी, एक राजवाडा, आणि चार हजार टन लोखंड.

माझ्यावर कोणी हल्ला केलाच नाही. तरी हरलो. असा कसा गेम?

मी म्हटलं, पहिल्या भागात मी ह्याच पद्धतीने सहा वेळा जिंकलो होतो. सुविधा हळूच म्हणाली, पप्पा, तेव्हा लेव्हल सगळ्यात सोपी लावलेली होती. मी विचारलं, कोणी? म्हणाली, मी. तुम्ही हरलात की रागाने जेवायचे नाहीत. आई म्हणाली, काहीतरी कर गो. म्हणून लावली.

आठ वर्षांच्या पोरीने. आणि वर टाळ्या पण वाजवल्या.

संध्याकाळी गणपती पोचवला.

११ सप्टेंबर, दुपारी ३

सुविधा सकाळपासून घोटाळत होती. सॅक भरली, उपसली, परत भरली. जेवताना म्हणाली, पप्पा, ती भाताची भेट तरी घ्यायची होती तुम्ही. मी म्हटलं, हार ती हार. मधुकर शब्द फिरवत नाही. दीड दिवस ठरलं होतं, दीड दिवस. तिने मान खाली घातली आणि सोलकढी प्यायली.

स्कूटरवरून डिचोलीच्या स्टँडवर सोडलं. म्हापशाची बस पकडणार, तिथून पुण्याची. थांबलो नाही. थांबलो असतो तर राजाचं काही खरं नव्हतं.

११ सप्टेंबर, संध्याकाळी ५

मी घरी आल्यापासून कमलाक्षी भांडी आपटत होती. शेवटी बोलली. म्हणाली, पोरीने रविवारपर्यंतची रजा काढून आणली होती. गेममध्ये हरायला बघत होती, तुम्हाला मान मिळावा म्हणून. भात पाठवला, दार उघडं टाकलं, आणखी काय करायचं तिने? आणि हरवता नाही आलं, तरी नुसतं राहा म्हटलं असतं तर चाललं असतं. सकाळपासून त्याचीच वाट बघत होती. ते एवढं पण तुमच्याकडून झालं नाही.

मी कदेलावर बसून राहिलो. समोर तो राजवाडा आणि ते लोखंड.

मग फोन लावला. राजेपण गेलं चुलीत. म्हटलं, सुविधा, मला तुझी सवय सुटत नाही गो, घर खायला उठतं, ये परत, राहा. पलीकडून भजी खाल्ल्याचा आवाज. म्हणाली, पप्पा, मी स्टँडवरच आहे. म्हापशाच्या तीन बसी सोडल्या. भजी संपत आली, या लवकर.

स्कूटर काढली. जयरामाने विचारलं, मधू, खंय चलला रे? म्हटलं, शरण जायला.

१२ सप्टेंबर, सकाळी ११

सुविधाने मॅन्युअल पडद्याखालून काढलं. म्हातारीचा आवाज परत चालू केला. मला ट्यूटोरियलच्या पहिल्या धड्याला बसवलं आहे. धड्याचं नाव, भाताचं शेत. पाच वर्षांच्या पोराला जमेल असा आहे, त्यात शिकण्यासारखं काहीही नाही.

दोनदा नापास झालो. जयराम पहिल्याच फटक्यात पास.