आजींना सांगितलेलं

१५ जाने., गुरु.
बैठक रविवारी, पंचवटीत, सुरेखाच्या घरी. नाव हळदीकुंकवाचं. मागणी एकच, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी. आम्हाला पेशंटच्या घरी ड्युटीवर पाठवणाऱ्या ब्युरोच्या मॅडमना सुगावा लागला तर ड्युट्या काढून घेतील. म्हणून जागा ठाऊक तिघींनाच: सुरेखा, सुनीता, मी. बाकीच्यांना ऐन वेळी. सुनीताचं तोंड जरा सैल आहे. बघू.
माझ्या पेशंट आजींचं अंग पुसताना त्यांना सगळं सांगितलं. लकव्यापासून त्या बोलत नाहीत, पण पेशंटशी बोलत राहायचं ही आम्हा बायकांची सवयच.

१८ जाने., रवि.
सुरेखाच्या गल्लीच्या तोंडाशी मॅडमचा सुपरवायझर, स्कूटरवर ठाण मांडून. "काय मावशी, यंदा वाण काय लुटताय?" हसत होता मेला. निम्म्या बायका त्याला बघून तशाच मागे फिरल्या.
सांगितलं कुणी? सुरेखा नाही, तिचंच घर. उरली सुनीता. परवाच तिला एकलहऱ्यात घराजवळची ड्युटी मिळाली. अशी उगाच मिळते होय?

१९ जाने., सोम.
सुनीताला ग्रुपमधून काढलं. मीच म्हटलं, काढा. तिचा फोन आला. "ताई, मी नाय सांगितलं कुणाला. पोरीची शपथ."
म्हटलं, "घराजवळ ड्युटी मिळाली ना? कर आता सुखाने." फोन ठेवला. दिवसभर कशात मन लागलं नाही.

२२ जाने., गुरु.
आजींच्या लेकीचा, अंजूताईंचा, पुण्याहून फोन. "मावशी, आईपुढे ते सुट्टीचं, बैठकीचं काढू नका. तिला टेन्शन येतं."
बरं म्हटलं. पण यांना कसं कळलं? पलंगासमोर कॅमेरा आहे, पण त्यात फक्त दिसतं, ऐकू येत नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या. मॅडमशी तर त्यांचं चांगलंच गूळपीठ.

२३ जाने., शुक्र.
आजींचे केस विंचरताना मुद्दाम मोठ्याने म्हटलं, रविवारी सगळ्या देवळाली कॅम्पला जमणार. खोटंच. दुसऱ्या कुणाला अवाक्षर नाही.
संध्याकाळी मॅडम फोनवर: "देवळालीला कशाला जमताय गं?"
म्हणजे कॅमेऱ्यात ऐकूही जातं. सुनीता नव्हतीच. माझंच तोंड सैल. लाज वाटली स्वतःची.

२४ जाने., शनि.
सुरेखाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता सुनीताला तूच आणायची." उद्या संध्याकाळी नव्या जागी सह्या, मग अर्ज कामगार ऑफिसात. एकलहऱ्याकडच्या बायका सुनीताच्या शब्दावर येणाऱ्या. ती नाही तर त्याही नाहीत. फोन उचलत नाही. मेसेज टाकलाय, चुकले म्हणून, जागाही कळवली. वाचलाय. उत्तर नाही.

२५ जाने., रवि., दुपारी
सकाळी आजींचं सगळं गप्प राहून केलं. पांघरूण घालायला गेले तर त्यांनी डाव्या हाताने, तोच हलतो, माझा पदर धरला. सोडेनात. बोल म्हणत होत्या.
कॅमेऱ्याकडे पाठ केली, कानाशी वाकले. "आजी, सुनीताला चोर ठरवलं हो मी. येईल का ती संध्याकाळी?"
आजी बघत राहिल्या. पदर काही सोडला नाही.